नत्थुजीची बारा रिळं

जानराव सरकारी प्रसिद्धी गाडीवर ऑपरेटर होता. गाडीचा मुक्काम अमरावतीला, फिरती मात्र कौंडण्यपुरापासून पार अकोल्यापलीकडे. त्याच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत गाडीच्या दारावरचं राज्याचं नाव दोनदा पुसून नव्यानं रंगवलं गेलं. आधी मध्यप्रदेश होतं, मग मुंबई झालं, मग महाराष्ट्र. आतला प्रोजेक्टर, जनरेटर आणि जानराव तेच राहिले.

माणूस शिडशिडीत, अबोल, कामाला चोख. शो सुरू होण्याआधी तो मलमलीच्या तुकड्यानं भिंगं पुसायचा आणि तेवढा वेळ कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. नागपूरला ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्यानं एक गोष्ट त्याच्या अंगी मुरवली होती. पडद्यावर पडेल ते चित्रच असलं पाहिजे. थरथर, धूसर, पांढरं काही लोकांना दिसता कामा नये. म्हणून रीळ हातात आलं की जानराव ते आधी उजेडात धरून तपासायचा. सुरुवातीचा, शेवटचा, मधला खराब भाग कात्रीनं काढायचा, टोकं चिकटवायचा, आणि काढलेले तुकडे टोपलीत टाकून मोकळा व्हायचा. देवीच्या लशीचं चित्र असो की कपाशीच्या नव्या बियाण्याचं, जानरावचा शो धुतलेल्या धोतरासारखा असतो, असं गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा.

या स्वच्छतेपायीच त्याच्या हातून एक गोष्ट घडली आणि ती त्याला जन्मभर पुरली.

त्या गोष्टीतला दुसरा माणूस नत्थुजी. मूर्तिजापूरकडचा बहुरूपी, म्हणजे वऱ्हाडात म्हणतात तसा रायरंद. बाकीचे रायरंद भावाला, पोराला बरोबर घेऊन हिंडत. नत्थुजी एकटा. एका गावी आठ-दहा दिवस राहायचा आणि रोज एक सोंग आणायचा. आज हिंग विकणारा पठाण, उद्या जमादार, परवा नवऱ्यानं टाकलेली बाई, जी कुणाच्याही ओट्यावर बसून हाच माझा घरधनी म्हणून रडायची आणि घरधन्याची दिवसभर थट्टा व्हायची. शेवटच्या दिवशी मात्र सोंग नाही. त्या दिवशी तो आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, स्वतःच्या चेहऱ्यानं घरोघर जायचा आणि आपलं नाव-गाव सांगून हात जोडायचा. मग घरातली माणसं धान्य, धोतर, जे हाती लागेल ते द्यायची. चेहरा दाखवल्याशिवाय मागायचं नाही आणि मिळाल्याशिवाय गाव सोडायचं नाही, असा रिवाज होता. देणं पदरात पडलं की रायरंदाला निरोप मिळाला.

सत्तावन्न साली तो अकोल्याला खुशालरावांच्या दारी पठाण होऊन गेला. खुशालराव जिनिंगवाल्या घरातले धाकटे, हौशी गृहस्थ. बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी मुंबईहून चावी देऊन चालणारा फिल्मचा कॅमेरा आणला होता. त्यांनी सहज पठाणावर तो धरला. नत्थुजीनं दाढीआडून विचारलं, "याच्यात मी ऱ्हातो का?"

राहतोस, असं खुशालराव म्हणाले.

"अन् पाहाले समोर कोणी नसलं तं?"

"तरी राहतोस."

शेवटच्या दिवशी तो स्वतःच्या चेहऱ्यानं आला तेव्हा खुशालरावांच्या बायकोनं सुपात जोंधळे आणि वर धोतरजोडी ठेवली. त्यानं सूप परत सारलं आणि ते यंत्र महिनाभर मागितलं. खुशालरावांना हसू आलं. पण रिवाजाप्रमाणे मागितलेलं होतं, नाही म्हणवेना. त्यांनी कॅमेरा दिला, तिपाई दिली, कोऱ्या फिल्मची दोन गुंडाळी दिली आणि चावी कशी भरायची, खटका कसा अडकवायचा ते शिकवलं.

तेव्हापासून कापूस घरात आला की नत्थुजी दरवर्षी यायचा, कॅमेरा घेऊन कुठं तरी निघून जायचा आणि महिन्यानं गुंडाळी आणून द्यायचा. खुशालराव ती मुंबईला धुवायला पाठवत. धुतलेले तुकडे डब्यांतून परत आले की अकोल्याच्या फिरतीवर असताना जानराव ते जोडून रिळं करून देई. नत्थुजीनं ती बघायला कधी मागितली नाहीत. मी तर तिथंच होतो, मला काय पाहायचं, असं म्हणायचा.

त्या रिळांत ना कथा होती, ना गाणं, ना आवाज. एकात जमादार होता. शकुंतला म्हणतात त्या मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीच्या एका ठेसनावर, गाडीची वेळ नसताना, तो गर्दी हटवत होता. फलाट रिकामा. तरी कुणाची पेटी पायात येत होती, कुणाला तो दंडाला धरून मागे सारत होता. दुसऱ्यात वेचणी संपलेल्या शेतात एक म्हातारी कापूस वेचत होती. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, बोटभर कापूस नाही. ती रिकाम्या बोंडातून वेचून ओटीत टाकत होती, आणि हळूहळू ओटीच्या भारानं तिची कंबर वाकत गेली, इतकी की पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी तिला हात द्यावा. तिसऱ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर एक मेलेला माणूस पडला होता. बाकी काहीच नाही. फक्त दर तुकड्यात त्याची सावली थोडी सरकलेली.

खुशालरावांनी दोन-तीन रिळं पाहिली आणि जांभई देऊन विचारलं, "याच्यात होते काय?" मग डबे माळ्यावर गेले. जानरावनं मात्र ती पुन्हा पुन्हा पाहिली. शोला निघताना रिकामं मैदान दिसलं, की त्याला तिथं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. कॅमेऱ्याची चावी एकदा भरली की अर्धा मिनिट चालायची, आणि नत्थुजीजवळ ती चालवायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आधी एक अंगठा दिसायचा, मग अगदी जवळून भिंगात डोकावणारा नत्थुजीचा चेहरा, मग पाठमोरा चालत जाणारा तो. जागेवर पोचून पदर किंवा फेटा अंगावर घेऊन तो वळला, की सोंग सुरू. तोंडाला तो रंग लावायचा नाही; काळ्यापांढऱ्या फिल्मवर रंग मातीसारखा दिसतो, असं त्याला खुशालरावांनी सांगितलं होतं. सगळं सोंग तो नुसत्या गालांनी, जबड्यानं, नजरेनं करायचा. जानराव सुरुवातीचे हे आठ-दहा सेकंद कापून टाकायचा. अंगठा, धूसर तोंड, पाठ, हे काही चित्र नव्हे. अकरा रिळं त्यानं अशी साफ केली.

बासष्टच्या उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या बाजारात नत्थुजी ऊन लागून गेला. जवळचं कुणी माहीत नव्हतं. बाजारकरी माणसांनीच संध्याकाळच्या आत त्याचं सगळं उरकलं. त्यानंतरही वर्षभर मूर्तिजापुरात कुणी ना कुणी सांगायचं, की गेला तो नत्थुजी नव्हताच, ते त्याचं सोंग होतं, परवाच दर्यापूरच्या रस्त्यानं जाताना दिसला.

त्रेसष्टच्या डिसेंबरात जानराव अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत चित्र दाखवायला गेला. शो झाल्यावर तिथली एक तरुण मास्तरीण वायर गुंडाळणाऱ्या जानरावजवळ येऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. जानराव अवघडला. तेव्हा तिनं माफी मागितली आणि गाव विचारलं. त्यानं मूर्तिजापूरकडचं आपलं खेडं सांगितलं. तिनं विचारलं, तिकडच्या नत्थुजी रायरंदाला ओळखत होता का? जानराव बोलून गेला, की त्याची तर अकरा-बारा रिळं अकोल्याला पडून आहेत. ती तिथंच बाकावर बसली. ती नत्थुजीची मुलगी होती. नाव रुख्मिणी.

तिची सगळी हकीकत जानरावला त्या संध्याकाळी कळली. तिची आई चतुराबाई ती दोन वर्षांची असताना गेली. आईची मोठी बहीण पार्वताबाई हिनं तिला अमरावतीत वाढवलं, शिकवलं. बाप दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचा, पण सोंगात. कधी जोशी, कधी कल्हईवाला, कधी आंधळी म्हातारी. रुख्मिणीनं ओळखलं की तिच्या हातावर गुळाची भेली ठेवायचा आणि जायचा. पार्वताबाई चिडायची, एकदा तरी माणसासारखा ये म्हणायची. त्यावर तो एकच सांगायचा.

"घरचा चेहरा घिऊन येतो थो निरोपाचा दिवस असते, बाई. मले पोरीचा निरोप नाई घ्याचा."

त्यामुळे कळू लागल्यापासून रुख्मिणीनं बापाचा चेहरा पाहिलाच नव्हता. घरात फोटो नव्हता. मेला तेही तिनं ऐकलंच, पाहिलं नाही. आणि तेव्हापासून तिचं एक होऊन बसलं होतं. दारावर पोस्टमन आला, बोहारीण आली, बसमध्ये शेजारी म्हातारा बसला, की ती त्यांच्या चेहऱ्यात शोधायची. शाळा तपासायला आलेल्या साहेबांकडे ती इतका वेळ पाहत राहिली, की साहेब गडबडून शेरा न लिहिताच निघून गेले. यंदाच्या आखाजीला ती सकाळपासून उंबऱ्यात बसली होती. अकरा भिकारी येऊन जेवून गेले. प्रत्येकाला तिनं वाढता वाढता एकदा हळूच बाबा म्हणून पाहिलं.

"काका, एकदा त्यांचा खरा चेहरा दिसला की मी त्यांना निरोप देईन," ती म्हणाली. "मग दारातला माणूस नुसता दारातला माणूस राहील. मला आता हे होत नाही."

जानरावनं अकोल्याहून डबे आणले. खुशालरावांनी माळ्यावरून काढून दिले ते बारा निघाले. बारावं रीळ नत्थुजी गेल्यावर मुंबईहून पार्सलानं आलेलं. त्याची सुतळीसुद्धा कुणी सोडली नव्हती.

रविवारी दुपारी शाळेच्या त्याच खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पाहायला दोघीच. रुख्मिणी पुढच्या बाकावर, आणि पार्वताबाई तिच्याशेजारी, वहाणा पायांजवळ काढून, पदर तोंडावर धरून बसलेली. तिला या खेळाची भीती वाटत होती. मेलेल्या माणसाला पुन्हा चालवायचं, हे काही बरं नव्हे, असं ती येतानाच म्हणाली होती.

पठाण झाला, जमादार झाला, म्हातारी झाली. रुख्मिणी पुढे वाकून पाहत होती. चेहऱ्याला रंग नव्हता, दाढीही बहुतेक ठिकाणी नव्हती. समोर दिसत होता तो तिच्या बापाचाच चेहरा होता, आणि तरी तो कुठंच सापडत नव्हता. जबडा पठाणाचा, डोळे जमादाराचे, ओठ म्हातारीचे. चौथं रीळ संपलं तेव्हा ती वळून म्हणाली, "काका, हे येतात कुठून? लागलं की सोंगच सुरू. त्याच्या आधी ते कुठं असतात?"

जानरावचा हात डब्यावर होता तिथंच राहिला. त्या क्षणापर्यंत त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. ते कापलेले तुकडे कचरा नव्हते. प्रत्येक तुकड्यापाठीमागे एक, असे साठ-सत्तर चेहरे त्यानं आपल्या हातानं टोपलीत टाकले होते. त्यानं पाचवं रीळ लावलं. मग सहावं. अकराव्यापर्यंत प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला त्याला पडद्यावर नसलेलं काहीतरी दिसत होतं.

बाराव्याची सुतळी त्यानं सोडली. ते रीळ जसं आलं तसंच लावलं, न तपासता. आयुष्यात पहिल्यांदा.

आधी अंगठा आला, पडद्याएवढा. मग चेहरा. भिंग दूरच्या नजरेवर लावलेलं, त्यामुळे जवळचा चेहरा धूसर. दोन काळे डाग, ते डोळे. खाली एक सावली, ती मिशी असावी. विहिरीत पाणी आहे का पाहावं तसा तो वाकून आत पाहत होता. रुख्मिणी उठून उभी राहिली. तेवढ्यात तो वळला, पाठमोरा चालत एका कुडाच्या भिंतीपाशी गेला, खाली बसला, खांद्यावरचं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि तोंड फिरवलं.

पार्वताबाईनं रुख्मिणीचं मनगट घट्ट धरलं.

"चतुरा हाय," ती म्हणाली. "रुख्मे, थे तुही माय हाय. मान पाह्य तिची. अशीच वाकडी धरे."

पडद्यावरची बाई एका लहान मुलीची वेणी घालत होती. मुलगी नव्हती. पण दोन गुडघ्यांत तिला धरलेली दिसत होती, डोकं हलवते म्हणून हलकी टपली बसत होती, तेल कानावर ओघळलं ते पदरानं पुसलं जात होतं. चावी संपली. पुन्हा अंगठा, पुन्हा तो धूसर चेहरा, पुन्हा पाठ, पुन्हा चतुराबाई. या वेळी हात जरा वर होते. मुलगी वाढली होती. तिसऱ्या तुकड्यात आणखी वर. वेणी लांब झालेली, शेवटापर्यंत गुंफायला हात पुरत नव्हते. सहाव्या तुकड्यात मुलगी उभी होती आणि आई उभी राहून वेणी घालत होती. वेणी झाली. आईनं मुलीला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि रीळ संपलं.

रुख्मिणीचा हात तिच्या वेणीवर होता.

मग तिनं सुरुवातीचा चेहरा पुन्हा लावायला सांगितला. जानरावनं लावला. ती पडद्याजवळ गेली. तिथंच थांबवा म्हणाली. थांबवलं तर दिव्याच्या आचेनं ती जागा जळून जाईल, असं त्यानं सांगितलं, आणि चाक हातानं फिरवून जितकं हळू नेता येईल तितकं नेलं. ती जितकी जवळ गेली तितका चेहरा विरत गेला. शेवटी नुसता उजेड आणि अंधार तिच्या अंगावर पडत राहिला.

"बाकीच्या रिळांतही सुरुवातीला असंच असेल ना?" तिनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार नव्हतं.

"होतं," जानराव म्हणाला. "मी कापलं."

"का?"

"खराब दिसत होतं म्हणून. साफ चित्र दाखवाची सवय. दोन-तीन जागी तं चेहरा चांगला निवळ होता, बाई. जरा मागं सरून उभे होते. थेही फेकलं मी."

तिनं ओरडावं, असं त्याला वाटत होतं. ती पडद्यापासून मागे आली आणि त्याच्यासमोर बसली.

"म्हणजे तुम्ही पाहिलाय. त्या तुकड्यांतला तुमच्याशिवाय कुणी पाहिला नाही. मग तुम्ही सांगा."

जानरावनं डोळे मिटले आणि सांगायला लागला. चेहरा लांबट. कपाळावर देवीचे दोन वण. डावी भुवई मधेच तुटलेली.

"उजवी," पार्वताबाई म्हणाली. "अन् लांबट कुठचा? गोल होता. लग्नात मी ववाळलं त्याले, तुमी होते काय तिथं?"

"मावशी, मी हातात धरून पाह्यला."

"यवढ्याशा फितीवर पाह्यला तुमी. मी पाटावर बसलेला पाह्यला. नाक बसकं होतं."

"नाक तं धारदार होतं."

"ह्या बाप्पाले दुसऱ्याच कोनाचं तोंड दिसून राहिलं," पार्वताबाई रुख्मिणीला म्हणाली. पण म्हणता म्हणता ती स्वतःच घुटमळली, आणि मिशी होती की नव्हती ते तिला नक्की सांगता येईना. जानरावनं पुन्हा डोळे मिटले. आता त्यालाही पठाण दिसत होता, मग म्हातारी, मग मान वाकडी करून वेणी घालणारी चतुराबाई. नत्थुजी त्यांच्यामागे कुठंतरी होता आणि पुढे येत नव्हता.

"राहू द्या," रुख्मिणी म्हणाली.

तिनं बाकावरची पिशवी उघडली. आत नवं धोतर होतं, कोऱ्या घडीचं, वर हळदकुंकवाचं बोट लावलेलं. बापाला निरोप म्हणून द्यायला ती ते घेऊन आली होती. पडद्यासमोर ठेवणार होती. क्षणभर तिनं ते मांडीवर धरलं आणि पुन्हा पिशवीत घातलं.

"आता काहून ठेवतं?" पार्वताबाईनं विचारलं.

"चेहरा दिसला नाही, मोठी माय. दिसल्याशिवाय द्यायचं नसतं."

"मंग?"

"मग काय. येतच राहतील."

जानरावला वाटलं, हे बोलताना तिचा आवाज रडवा असायला हवा होता. तसा तो नव्हता. थकलेला होता आणि थोडा, त्याला नेमकं सांगता आलं नसतं, पण घरी कुणी यायचं असलं की बायका बोलतात तसा होता. तिनं उठून एकेक सतरंजी काढली, नीट घडी घातली, आणि बारावं रीळ आपल्याजवळ ठेवून घेऊ का, असं विचारलं. खुशालरावांना काय सांगायचं ते आपण पाहू, असं म्हणून जानरावनं तो डबा तिच्या हातात दिला.

उरलेले अकरा डबे परत करायला तो मंगळवारी बडनेऱ्याहून अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये बसला. गाडीत गर्दी होती. त्याला खिडकीची जागा मिळाली होती. गाडी सुटता सुटता एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली आणि त्याच्यासमोर दांडी धरून उभी राहिली. हिरवं लुगडं, काळीसावळी, पायांत काही नाही. जानरावनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्याला नजर काढता येईना. तो उठला. तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः डब्यांची चळत उराशी धरून उभा राहिला.

"काय हाय रे डब्यात?" म्हातारीनं विचारलं.

"रिळं हायत, माय."

"सिनेमाची?"

"एका मानसाची."

म्हातारीनं मान हलवली, जसं काही तिला ते समजलं, आणि बाहेर पाहू लागली. दोन्ही बाजूंना वेचून झालेली शेतं होती. कुरूम गेलं. मूर्तिजापूर आलं तशी ती उठली. जानरावनं तिचं गाठोडं खाली उतरवून दिलं. नाव विचारावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, पण धीर झाला नाही. त्यानं डबे बाकावर ठेवले आणि फलाटावर तिच्यासमोर हात जोडले.

"मले काहून हात जोडतं रे बाप्पा?" म्हातारी हसली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शकुंतलेच्या फलाटाकडे चालू लागली.

शिट्टी झाली. जानराव दारात उभा होता. ती एकदा वळून पाहील म्हणून, फलाट संपेपर्यंत तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला.